पितृऋणात आणखी काय येते?

उमापूर हे गाव बीड जिल्ह्यातल्या ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरल्या माधवरावांनी निजाम अलीच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. पानिपत होऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती, पेशवा अठरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले होते. पानिपतानंतर मराठी सत्ता पुन्हा उभी राहिली याचा पहिला मोठा पुरावा म्हणून ही लढाई सांगितली जाते, आणि त्यात काही चूक नाही. मात्र या विजयाच्या गोष्टीत दोन नावे सहसा हळू आवाजात घेतली जातात. पुणे लुटताना निजामाच्या बाजूला नागपूरकर जानोजी भोसले होते, आणि राक्षसभुवनावर निजामाकडून लढता लढता पडला तो त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर. म्हणजे ही लढाई दोन धर्मांची नव्हती, दोन दरबारांची होती. याच राक्षसभुवनात शनीचे प्रसिद्ध स्थान आहे. धर्म, जात, सत्ता यांतले काहीही न बघता ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ पदरात घालणारा देव, अशी शनीची ख्याती. तेव्हा एकाच गावात इतिहास मोजण्याची दोन मापे शेजारी शेजारी आहेत. कोण जिंकले आणि कोण हरले हे एक माप. कोणी काय केले हे दुसरे. एखाद्या समाजाची पडती यांतल्या कोणत्या मापाने ठरवायची, हा मला इतिहासाइतकाच धर्माचाही प्रश्न वाटतो.

माझे म्हणणे असे की आपण जवळजवळ नेहमी पहिले माप वापरतो आणि म्हणून आपली खरी पडती आपल्या नजरेतून निसटते. हा दोष एकट्या मराठी माणसाचा नाही. स्पेनचा इतिहास घ्या. १५८८ साली इंग्लंडवर पाठवलेल्या आरमाराची झालेली वाताहत आणि १८९८ साली अमेरिकेकडून हरून क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स गमावणे, या त्या देशाच्या स्मृतीतल्या ठसठशीत पडत्या. १८९८ नंतर तिथल्या लेखकांची एक अख्खी पिढीच ‘आपले काय चुकले’ या विचाराने अस्वस्थ झाली आणि त्या सालाच्या नावाने ओळखली गेली. उलट १४९२ हे साल वैभवाचे. २ जानेवारीला मुसलमानांचे शेवटचे राज्य ग्रानादा पडले, ऑगस्टमध्ये कोलंबसाची जहाजे निघाली. पण त्याच वर्षी ३१ मार्चला राजा फर्नांडो आणि राणी इसाबेल यांनी फर्मान काढले की यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जुलैअखेर देश सोडावा. शेकडो वर्षे त्या मातीत राहिलेली, तिचीच भाषा बोलणारी माणसे घरदार मिळेल त्या किमतीला फुंकून बंदरांकडे निघाली. पुढे १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांचे वंशज, सुमारे तीन लाखांच्या संख्येने हाकलले गेले. तोही काळ स्पेनच्या साहित्याचा आणि चित्रकलेचा सुवर्णकाळ. शिखर आणि दरी एकाच सालात असू शकतात, नव्हे बहुतेक वेळा तशाच असतात, कारण दुसऱ्यावर मोठा अन्याय करायला आधी अंगात बळ यावे लागते. हरलेल्या माणसाच्या हातून तेवढे पाप सहसा होत नाही.

आता आपल्याकडे बघू. पानिपतावर बखर आहे, पोवाडे आहेत, नाटके आहेत, विश्वास पाटलांची गाजलेली कादंबरी आहे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण १७४२ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची आठवण आपल्या घरांत जवळजवळ नाही. ती बंगालच्या घरांत आहे. तिथे आजही लेकराला झोपवताना गायच्या एका अंगाईत ‘बर्गी’ येतात, आणि हे बर्गी म्हणजे आपल्या फौजेतले बारगीर घोडेस्वार. कलकत्त्याच्या इंग्रजांनी या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचे नावच मराठा खंदक पडले. त्या काळात बंगाली कवी गंगाराम याने ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य लिहिले. गावे जळत होती आणि गोसावी, ब्राह्मण, शेतकरी, गरोदर बाया वाट फुटेल तिकडे पळत होत्या, हे त्यात आहे. पण मला त्या काव्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. गंगाराम हिंदू आहे आणि त्याच्या कथेत सुरुवातीला खुद्द देवच मराठ्यांना बंगालवर धाडतात, कारण तिथे पाप माजले आहे. नंतर हेच मराठे ब्राह्मणांना, वैष्णवांना, बायकांना मारू लागतात तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते आणि नवाबाच्या पारड्यात आपले बळ टाकते. १७४२ च्या शरदात रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याने काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली होती, आणि पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने छापा घालून त्याला पिटाळले. गंगारामाच्या लेखी देवी पूजेच्या थाटाने भुलत नाही. ती हातांकडे बघते.

इथे पहिला आक्षेप येतो. त्या काळची रीतच तशी होती, सगळेच लुटत होते, मग आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसांना का मोजता? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. गंगारामाची फूटपट्टी आजची नाही, १७५० च्या सुमाराची आहे, आणि ती आपल्याच धर्मातली आहे. स्पेनमध्येही तेच दिसते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना वेठीला धरणाऱ्या स्पॅनिश मालकांना १५११ सालीच हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे माँतेसिनोस या धर्मगुरूने भर चर्चमध्ये जाब विचारला होता. बार्तोलोमे दे लास कासास स्वतः असा मालक होता. त्याने आपले हक्क सोडले आणि उरलेले आयुष्य या अन्यायाविरुद्ध लिहिण्यात घालवले. १५५० साली वायादोलिदमध्ये राजाच्या हुकुमाने पंडितांची सभा बसली आणि या स्वाऱ्या न्याय्य आहेत की नाहीत यावर लास कासास आणि स्वाऱ्यांचे समर्थन करणारा सेपुल्वेदा यांचा वाद झाला. म्हणजे काळाला कळत नव्हते असे नाही; कळत होते आणि ऐकले गेले नाही. शृंगेरीचे उदाहरण तर अधिक जवळचे. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा शारदापीठ मठ लुटला, माणसे मारली आणि शारदेची मूर्ती जागेवरून हलवली. तिची पुन्हा प्रतिष्ठा करण्यासाठी शंकराचार्यांनी मदत मागितली ती टिपूकडे, आणि त्याने ती दिली. मठात जपून ठेवलेली त्याची पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या नरसिंहाचारांनी उजेडात आणली. कुर्ग आणि मलबारमध्ये याच टिपूने काय केले तेही खरे आहे, त्यामुळे या पत्रांवरून त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. लूट पेंढाऱ्यांनी केली, शिपायांनी नव्हे, असेही सांगितले जाते. असेल. पण पेंढारी आले होते ते आपल्याच फौजेच्या मागोमाग. हिंदवी स्वराज्याचा वारसा सांगणाऱ्या सैन्याच्या पायाखाली सरस्वतीचे पीठ आले, ही गोष्ट पानिपताहून खालची आहे की नाही, एवढेच स्वतःला विचारून बघावे.

अठराव्या शतकाबद्दल बोलणे तसे सोपे. अवघड आहे ते १९४८ बद्दल बोलणे, आणि बीड जिल्ह्यात राहून ते टाळणे मला बरोबर वाटत नाही. राक्षसभुवनाचा विजय झाला तरी हा जिल्हा पुढे निजामाच्याच राज्यात राहिला, तो १९४८ पर्यंत. शेवटच्या वर्षात लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावोगाव जो छळ मांडला तो कुणी नाकारू नये. सध्या बीदर जिल्ह्यात असलेल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये झालेली कत्तल, जाळलेली गावे, सरहद्दीपलीकडे पळालेली कुटुंबे, हे सारे घडले आहे. २२ ऑगस्टला हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला, कारण राज्य भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत होते. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते; गोविंदभाई श्रॉफांसारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे हा लढा लढत होते. १३ सप्टेंबरला ‘पोलीस कारवाई’ म्हणून भारतीय सैन्य आत शिरले, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला मेजर जनरल चौधरींपुढे हैदराबादच्या फौजेने शस्त्रे ठेवली. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो आणि तो पाळावाच. सरंजामी राज्यातून सुटका झाली, माणसे नागरिक झाली. या दिवसाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही.

पण १८ सप्टेंबर १९४८ ला भाद्रपदाची पौर्णिमा होती आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. घरोघरी वाडवडिलांच्या नावाने पाने वाढली जाण्याच्या त्या पंधरवड्यात मराठवाड्यात आणि लगतच्या कानडी, तेलुगू जिल्ह्यांत मुसलमान शेजाऱ्यांची कत्तल चालू होती. वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी या भागाचा दौरा केला. राज्याच्या सोळापैकी नऊ जिल्हे ते फिरले आणि जिथे जाता आले नाही त्या गावांतल्या माणसांच्याही जबान्या त्यांनी घेतल्या. त्यांचा अंदाज असा की पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर एकंदर २७ ते ४० हजार माणसे मेली. सर्वांत जास्त होरपळले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्याखालोखाल ज्या चार जिल्ह्यांची नावे येतात त्यांत औरंगाबाद, नळगोंडा आणि मेदक यांच्या बरोबरीने बीडही आहे. या चारांत मिळून किमान पाच हजार. लातुरात हे वीस दिवसांहून जास्त चालले, असे त्यांचा अहवाल म्हणतो. लूट, जाळपोळ, बायकांवरचे अत्याचार, मशिदींची विटंबना, सक्तीची धर्मांतरे, घरे आणि जमिनी बळकावणे यांची नोंद त्यात आहे आणि काही ठिकाणच्या सैनिकांवरही ठपका आहे. सरदार पटेलांनी या दौऱ्याच्या सरकारी दर्जावरच हरकत घेतली, अहवाल प्रसिद्ध झाला नाही आणि पुढची कित्येक दशके तो दप्तरात पडून राहिला. त्यातले उतारे १९८८ च्या सुमारास बाहेर आले. २०१३ साली ए. जी. नूरानींच्या पुस्तकात तो सविस्तर छापला गेला. आकड्यांवर वाद आहे आणि राहील. पण आकडा निम्मा धरला तरी प्रश्न निम्मा होत नाही.

यावर सर्वांत जोरकस उत्तर दिले जाते ते असे: सुरुवात त्यांनी केली, रझाकारांनी पेरले तेच उगवले. हे उत्तर नीट तपासले पाहिजे, कारण ते न्यायाची भाषा बोलते. शनी ज्याचे कर्म त्यालाच फळ देतो. १९४८ च्या सप्टेंबरात मात्र फळ कुणाला मिळाले? रझवीवर खटला चालला, तो काही वर्षे तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेला. निजाम पुढे हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. गावातला विणकर, पिंजारी, शेतमजूर, ज्याने कधी रझाकारांचा गणवेश घातला नव्हता, तो मेला. रझवीच्या धर्माचा एवढाच त्याचा गुन्हा. पाप रक्ताबरोबर वाहते आणि एकाचे पाप सगळ्या जातीच्या माथी लागते, ही समजूत नसती तर ती कत्तल होऊ शकली नसती. हीच समजूत स्पेनने कायद्यात लिहून काढली होती. १४४९ साली तोलेदोत ‘रक्तशुद्धी’चा नियम झाला, आणि मग ज्यांनी धर्म बदलला होता त्यांच्या मुलानातवंडांनाही आजोबा यहुदी होते म्हणून पदे नाकारली जाऊ लागली. धर्म बदलून, पिढ्या उलटूनही माणूस सुटत नव्हता. म्हणून सूड आणि न्याय यांत फरक करायचा तर खूण सोपी आहे: न्याय नाव विचारतो, सुडाला आडनाव पुरते. ज्या घरांनी रझाकारांचा मार खाल्ला त्यांच्या दुःखाला सांत्वन हवे होते, गुन्हेगारांना शिक्षा हवी होती. शेजारच्या विणकराच्या मरणाने त्यांतले काहीही साधले नाही. आणि हे त्या वेळी कळणारी माणसे होती. हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची अनेक उदाहरणे त्याच अहवालात आहेत. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंसाठी जमावापुढे उभे राहिले आणि त्यात काहींनी प्राण गमावले. त्यांचे नाव आपण कुठल्या मुक्तिदिनी घेतो?

यातूनच पुढचा आक्षेप निघतो आणि माझ्या लेखी तोच खरा धार्मिक प्रश्न आहे. पाप रक्तातून येत नाही असे तुम्हीच म्हणता. मग १९४८ साली जन्मलाही नव्हता त्या माणसाने त्याची आठवण का वाहावी? कर्मसिद्धांत तर सांगतो की ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. कुराणातही कुणी दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही असे आहे, आणि बायबलातला यहेज्केल संदेष्टा मुलाला बापाच्या पापातून मोकळे करतो. मला हे सगळे मान्य आहे. आज उमापुरात राहणारा तिशीतला माणूस त्या हत्यांचा दोषी नाही, त्याच्याकडे बोट दाखवणे म्हणजे तीच जुनी चूक उलट दिशेने करणे. पण आपल्या परंपरेत पापाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऋण. पाप कर्त्याबरोबर जाते, ऋण वारसाकडे येते. प्रत्येक माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन जन्मतो, हे आपण मुंजीपासून श्राद्धापर्यंत मानत आलो. नुसते मानत नव्हतो, कोर्टात लागू करत होतो: बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य, हा हिंदू कायद्यातला नियम २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरता बंद होईपर्यंत जिवंत होता. कर्जाच्या बाबतीत आपल्याला ‘मी घेतले नाही’ हे उत्तर चालत नव्हते, कारण बापाची जमीन, घर आणि नाव आपण घेतलेले असते. तोच तर्क इतिहासाला लावा. राक्षसभुवन आपले, असे म्हणायला आपल्यापैकी कुणी तिथे लढलेला असावा लागत नाही. माधवरावांचे शौर्य वारशाने येत असेल तर शृंगेरीची लूट आणि १९४८ चा पितृपक्षही त्याच वारशात येतात. जमेची बाजू घ्यायची आणि नावेची बाजू मेलेल्याच्या माथी ठेवायची, असा वारसा धर्मशास्त्रही देत नाही.

धर्मशास्त्र जाणणारा वाचक इथे मला थांबवील, आणि त्याचे थांबवणे रास्त असेल. बापाने जुगारासाठी, दारूसाठी, अधर्मासाठी काढलेले कर्ज मुलावर बंधनकारक नाही, असा अपवाद स्मृतींनीच सांगितला आहे. मग पूर्वजांच्या अधर्माचे ऋण आपल्यावर कसे? पण हा अपवाद कुणाविरुद्ध आहे ते बघावे. जुगाऱ्याला पैसे देणारा सावकार जाणूनबुजून त्या अधर्मात सामील झालेला असतो, म्हणून त्याला मुलाच्या दारात उभे राहण्याचा हक्क नाही. ज्याचे घर लुटले गेले तो सावकार नव्हता. त्याने काही उसने दिले नव्हते, त्याच्याकडून हिसकावून घेतले गेले. चोरीची वस्तू बापाने आणून घरात ठेवली असेल तर मुलगा चोर ठरत नाही, पण ती वस्तू त्याची होत नाही. या भागातल्या माणसाला हे पटवून द्यायला दूरचे प्रमाणही शोधावे लागत नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला एकनाथ महाराजांचे पैठण आहे. परंपरा सांगते की त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता आणि त्याच्या वासाने रस्त्यावरच्या महारांच्या मुलांना भूक लागली. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न आधी त्यांना वाढले. पैठणच्या ब्रह्मवृंदाने बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. ही कथा घडली तशीच घडली का हा प्रश्न वेगळा. पण पितर कशाने तृप्त होतात याबद्दलचा वारकरी निर्णय तिच्यात स्पष्ट आहे. ज्यांना पूर्वजांनी पंगतीबाहेर ठेवले त्यांना जेवू घातले तेव्हाच पूर्वजांना अन्न पोचले.

आणखी एक आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो भले लोक घेतात. जखमा कशाला उकरायच्या? गावात आज हिंदू आणि मुसलमान एका बाजारात, एका ऊसतोडीच्या टोळीत काम करतात. जुने काढून त्यांच्यात विष का कालवायचे? स्पेनने हाच विचार केला होता. १९३६ ते १९३९ च्या यादवीनंतर फ्रँकोची हुकूमशाही १९७५ पर्यंत चालली. तो गेल्यावर १९७७ साली सर्वांना माफी देणारा कायदा झाला आणि प्रमुख पक्षांनी भूतकाळावर न बोलण्याचा जणू करारच केला. त्यातून लोकशाही पुन्हा यादवी न होता आली, हे त्या कराराचे श्रेय नाकारता येणार नाही. पण विसरायचे ठरले ते एका बाजूने. विजेत्यांच्या मृतांना स्मारके होती, हरलेल्यांचे मृत रस्त्याकडेच्या खड्ड्यांत होते आणि त्यांची घरे ते खड्डे विसरू शकत नव्हती. ऑक्टोबर २००० मध्ये एमिलियो सिल्वा या पत्रकाराने लेऑन प्रांतात आपल्या आजोबांचा शोध घेत एक खड्डा उकरून घेतला. तिथे तेरा माणसांचे अवशेष निघाले. मग देशभर नातवंडे पुढे आली. हरवलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक धरली जाते. २००७ साली ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला, २०१९ साली फ्रँकोचे शव त्याच्या भव्य समाधीतून हलवले गेले. यादवी पुन्हा पेटली नाही. भांडणे झाली, आजही होतात, पण ती संसदेत आणि वर्तमानपत्रांत. आपल्याकडे न बोलण्याने विसर पडला, असे मानणे म्हणजे फक्त आपल्याच घरातल्या शांततेवरून अंदाज बांधणे होय. ज्या घरातले पुरुष गेले त्या घरात ‘पोलीस ॲक्शन’ हे शब्द आजही दबक्या सुरात बोलले जातात. बोलायची मनाई एकालाच असेल तर तो सलोखा नसतो.

शत्रू याचे भांडवल करतील, ही भीती मात्र खरी आहे. लास कासासचे पुस्तक १५५२ मध्ये निघाले आणि स्पेनच्या वैऱ्यांनी, विशेषतः डचांनी आणि इंग्रजांनी, त्याची भाषांतरे करून स्पेनला शतकानुशतके बदनाम केले. आणि त्याच काळात स्वतःच्या वसाहतींत वेगळे काही केले नाही. तरीही आज त्या युगातल्या स्पेनबद्दल आदर वाटतो तो कुणामुळे? पेरू जिंकणाऱ्या पिसारोमुळे नव्हे. माँतेसिनोस, लास कासास आणि सालामांकाचा धर्मपंडित फ्रान्सिस्को दे वितोरिया यांच्यामुळे. आपल्या राजाच्या तोंडावर आपल्या देशाचे पाप सांगणारे ते स्पॅनिशच होते. दुसऱ्या कुणाच्या आरोपाला उत्तर म्हणून दिलेली कबुली आणि आपल्या धर्माला स्मरून दिलेली कबुली यांत फरक असतो, तो वैऱ्यालाही दिसतो. शिवाय हा केवळ हिंदू-मुसलमान प्रश्न आहे असे समजून कुणी सुटू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर याच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. १९७८ साली इथे निजाम नव्हता आणि रझाकारही नव्हता. जाळणारे आणि जळणारे एकाच गावाच्या शिवारातले होते. तरी मराठवाड्याच्या पडतीचा काळ कोणता असे विचारले तर आपण १९७२ चा दुष्काळ सांगतो. तो भयंकर होता, पण तो आभाळाने केला. १९७८ आभाळाने केले नव्हते.

ऋण मान्य केले तर ते फेडायचे कसे? ज्यांचे देणे ते मेले, बऱ्याच ठिकाणी वारसही गाव सोडून गेले. स्पेनने २०१५ साली कायदा करून १४९२ मध्ये हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केले, पाचशे तेवीस वर्षांनी. मोरिस्कोंच्या वंशजांना मात्र तसे काही मिळाले नाही. त्यावर टीका झाली आणि ती योग्य होती. निवडून निवडून केलेली परतफेड अपुरीच. पण अपुरी परतफेड आणि मुळीच नाही यांत अंतर आहे. आपल्या श्राद्धविधीत याची सोय आहे हे सहसा ध्यानात येत नाही. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची असते, आणि तर्पणात आपल्या गोत्राबाहेरच्या, ज्यांना पाणी देणारे कुणी उरले नाही त्यांच्याही नावाने ओंजळ सोडली जाते. मुसलमान मृतांसाठी हिंदू विधी करावा असे मी म्हणत नाही. त्यांची स्वतःची फातिहा आहे, आणि त्यांच्या मरणावर आपला विधी लादणे हाही एक अन्यायच ठरेल. विधीच्या मागची समज घ्यावी: परक्या मृताचीही काही बाकी आपल्याकडे असते, आणि ती निदान तोंडाने उच्चारावी लागते.

ती उच्चारण्याची जागा मुक्तिसंग्राम दिन हीच आहे. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर शाळांतून जी भाषणे होतात त्यांत रझाकारांच्या अत्याचारांबरोबर शोएबुल्ला खान यांचे नाव यावे, शेजाऱ्यासाठी मेलेल्या विणकरांचा उल्लेख यावा आणि त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात काय झाले तेही मास्तरांनी मुलांना सांगावे. सातवी-आठवीच्या मुलांना हे झेपते. त्यांना पानिपतावरची कत्तल आपण सांगतोच. दुसरे काम गावोगावच्या याद्यांचे: रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारल्या गेलेल्यांची नावे एकाच वहीत, कुणाच्या घराचे आणि जमिनीचे काय झाले या नोंदीसह. ही वही बीडच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी भरू शकतात, त्यासाठी आयोग नेमायला नको. स्पेनमध्ये हे काम नातवंडांनी केले, मुलांना ते जमले नव्हते. आपल्याकडे १९४८ साली दहा वर्षांची असलेली पोरे आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांना विचारायचे असेल तर ते याच एकदोन वर्षांत विचारावे लागेल.